अँबेसेडरचं इंजिन खोललंच आहे, तर टायमिंग चेन जुनीच टाकायची का?

प्रश्न असा आला की वडिलांची १९७४ ची अँबेसेडर मार्क टू आहे, १४८९ सीसी पेट्रोल, इंजिन पूर्ण खोललं, ब्लॉक बोर होऊन आला, क्रँक ग्राइंड झाला, पिस्टन रिंग बेअरिंग सगळं नवीन आणलं, आणि आता मिस्त्री म्हणून राहिला की टायमिंग चेन (क्रँकवरून व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट फिरवणारी साखळी) तर मस्त टाइट आहे, गिअरचे दात पण शाबूत आहेत, तीच टाकून देऊ, आजकाल जुन्यासारखा माल मिळत नाही. तर चेन बदलायची का, बदलायची तर नुसती चेन की गिअर पण, आणि बसवताना काय काय बघायचं.

भाऊ, सरळ सांगतो. बदला. चेन, दोन्ही गिअर, टेन्शनर (असेल तर; हा चेनचा सैलपणा दाबून धरतो), पुढचं ऑइल सील आणि लॉक वॉशर, हे सगळं एकदम बदला. मिस्त्री खोटं बोलत नाही, चेन त्याला टाइटच दिसली असेल, पण टाइट दिसणं आणि चांगली असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या इंजिनात नेमकी इथेच बहुतेकांची फसगत होते.

चेन "लांबली" असं आपण म्हणतो, पण तिच्या पट्ट्या काही ताणल्या जात नाहीत. प्रत्येक जोडात एक पिन आणि एक बुश असते, ती दोन्ही एकमेकांवर घासून झिजतात, एका जोडात केसाएवढी झीज आणि असे पन्नासच्या आसपास जोड, तर सगळी झीज मिळून चेन मोठी होते. आता इंजिन फिरताना चेनची एक बाजू खेचत असते आणि दुसरी बाजू सैल असते, टेन्शनर या सैल बाजूला असतो. चेन वाढली की टेन्शनरचं डोकं बाहेर येऊन सैलपणा खाऊन टाकतं, म्हणून बोटाने दाबली तर चेन टाइट लागते आणि आवाज पण फारसा येत नाही. पण खेचणाऱ्या बाजूची लांबी तर वाढलेलीच राहते ना, त्यामुळे कॅमशाफ्ट क्रँकच्या मागे पडतो. टेन्शनर आवाज लपवतो, मागे पडलेलं टायमिंग परत आणत नाही. खेचणाऱ्या बाजूला एक मिलिमीटर वाढ झाली तर क्रँकच्या हिशोबाने साधारण दोन डिग्री गेलं, त्यात गिअरच्या दातांची झीज वेगळी, डिस्ट्रिब्युटर (प्लगांना स्पार्क वाटून देणारा) फिरवणाऱ्या गिअरची वेगळी.

दोन-चार डिग्रीने गाडी काही बंद पडत नाही, म्हणूनच तर कोणी लक्ष देत नाही. पण इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद व्हायला लागला की कमी आरपीएमवर ओढ जाते. वर्धा रोडच्या डबल डेकर पुलावर चढताना जी गाडी चौथ्यात आरामात जायची तिला तिसरा टाकावा लागतो. या इंजिनात डिस्ट्रिब्युटर पण कॅमवरूनच फिरतो, म्हणजे चेन झिजली की स्पार्क पण उशिरा पडतो, आणि स्पार्क उशिरा पडला की इंजिन गरम चालतं. आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा हे बरोबर कळतं, लोक रेडिएटर रॉडिंग करून आणतात, थर्मोस्टॅट काढून टाकतात, फॅन बदलतात आणि तरी काटा वर जातो. मग कोणीतरी डिस्ट्रिब्युटर थोडा फिरवून देतो, स्पार्क जागेवर येतो, गाडी जरा बरी वाटते, पण व्हॉल्व्ह टायमिंग तसंच मागे राहतं आणि ती ओढ काही परत येत नाही. एवढा पैसा बोरिंग आणि ग्राइंडिंगमध्ये घातल्यावर नवीन पिस्टनच्या डोक्यावर जुनं टायमिंग ठेवणं मला तरी पटत नाही.

तरी माझ्यावर विश्वास ठेवू नका, मोजून बघा, इंजिन उघडंच आहे. यातली चेन ३/८ इंच पिचची डबल रोलर आहे, म्हणजे एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंत ९.५२५ मिलिमीटर. चेन डिझेलमध्ये धुऊन कोरडी करा, चेनचा गोल खिळ्याला अडकवा, खाली दोन-तीन किलोचं वजन लटकवा आणि २० पिच मोजा. नवीन चेनमध्ये हे अंतर १९०.५ मिलिमीटर भरतं. १९२.४ आलं तर एक टक्का वाढली. मशिनरीवाले याच्यापेक्षा जास्त वाढ पण चालवून घेतात, पण तिथे फक्त फिरवायचं काम असतं, इथे वेळ सांभाळायचं काम आहे, म्हणून इंजिन खोललेलं असताना २० पिचमध्ये एक मिलिमीटर जरी जास्त दिसलं तरी मी ती चेन परत टाकत नाही. माप व्हर्निअरने घ्या, आणि चेनमध्ये दोन-तीन वेगळ्या जागी घ्या, कारण झीज सगळीकडे सारखी नसते.

दुसरी तपासणी तर बिनखर्चाची आहे. चेन आडवी धरा, म्हणजे रोलर उभे राहतील अशी, आणि एका बाजूला पकडून दुसरी बाजू मोकळी सोडा. नवीन चेन जवळपास सरळ राहते. झिजलेली चेन बाजूला कमानीसारखी वाकते. मिस्त्रीच्या हातात नवीन आणि जुनी दोन्ही अशा धरायला द्या, वाद तिथेच मिटतो.

टेन्शनर असेल तर त्याच्या डोक्याचं रबर बघा. चेनच्या पट्ट्यांनी त्यात खोल चर पाडलेले असतात, रबर दगडासारखं कडक झालेलं असतं, काही वेळा कोपऱ्याचा तुकडाच गायब असतो. तो तुकडा कुठे गेला हे पण शोधा, चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत) जाळीवर सापडतो बहुतेक वेळा. गिअरचे दात "शाबूत" म्हणजे तुटलेले नाहीत एवढंच, तुम्ही दाताच्या दोन्ही बाजू बघा, एक बाजू खोलगट होऊन दात आकड्यासारखा वळलेला दिसेल. छोटा गिअर, म्हणजे क्रँकवरचा, आधी जातो कारण त्याचे दात कमी आणि फेऱ्या दुप्पट. अशा दातांवर नवी चेन टाकली तर जुने दात नव्या चेनला थोड्याच दिवसात आपल्या मापाचं करून टाकतात. म्हणून नुसती चेन कधीच नाही, सेटच.

माल मिळत नाही ही गोष्ट अर्धी खरी आहे. अँबेसेडर उत्तरपाड्याला २०१४ पर्यंत बनली, त्यामुळे स्पेअर अजून पूर्ण आटलेले नाहीत, जुन्या दुकानात धूळ खात पडलेला कंपनीचा सेट मिळाला तर डोळे झाकून घ्या, फक्त गंज बघा. नाहीतर हे इंजिन बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी सिरीजचं आहे, त्यांच्या एमजीए गाडीत याच घराण्याचं १४८९ सीसी होतं, त्यामुळे बाहेरून पण सेट मागवता येतो. मागवताना एक काळजी, नंतरच्या एमजीबी इंजिनात सिंगल चेन आली, ती नको, आपल्याला डबलच पाहिजे. नवीन चेन आली की पहिले जुन्याशेजारी ठेवून लिंक मोजा, रुंदी बघा, गिअरचे दात मोजा, मोठ्याचे दात छोट्याच्या बरोबर दुप्पट असले पाहिजेत. प्रत्येक जोड बोटाने वाकवून बघा, स्वस्त चेनमध्ये एखादा जोड जाम असतो. तसं दिसलं तर परत करा, "चालून चालून मोकळा होतो" असं दुकानदार म्हणतो, ऐकू नका.

आता काढणं. पुढच्या पुलीचा नट, ज्यात हँडल मारायचे दात असतात तो, त्याच्यामागे वाकवलेलं लॉक वॉशर असतं, ते आधी छिन्नीने सरळ करा. पाने इंची वापरा, मिलिमीटरचा जवळपासचा गोटी पाना लावला तर नटाचे कोपरे जातात. क्रँक फिरू नये म्हणून, चेंबर उघडं असेल तर क्रँकचा वेब आणि ब्लॉकच्या मध्ये लाकडाचा ठोकळा अडकवा. पुली निघाली की कव्हर, कव्हरचे बोल्ट दोन मापाचे आहेत, कोणता कुठला हे पुठ्ठ्यावर भोकं पाडून तसेच खोचून ठेवा. आत क्रँक गिअरच्या पुढे ऑइल फेकणारी पातळ चकती असते, तिची कोणती बाजू बाहेर होती याचा फोटो काढा, चकतीवर एफ कोरलेला असेल तर तो पुलीकडे राहतो. ही चकती उलटी बसली की सील नवीन असूनही पुढून ऑइल गळतं, आणि सगळे सीललाच शिव्या घालतात. मग टेन्शनर, त्याचं डोकं आत ओढून लॉक करायचं, मग कॅमचा नट, आणि दोन्ही गिअर चेनसकट एकत्र थोडे थोडे पुढे सरकवून बाहेर. एकटा गिअर ठोकून काढायच्या भानगडीत पडू नका.

बसवण्याच्या कामात सगळ्यात जास्त वेळ जिथे द्यायला पाहिजे तिथे सगळ्यात कमी दिला जातो, ते म्हणजे दोन्ही गिअर एका रेषेत आणणं. टिंब (दोन्ही गिअरवरच्या टायमिंगच्या खुणा) जुळवणं सगळ्यांना माहीत असतं, रेषा कोणी बघत नाही. चेन न लावता दोन्ही गिअर आपापल्या शाफ्टवर बसवा, कॅमचा नट आवळा, क्रँकचा गिअर पूर्ण मागे दाबून धरा, आणि एक चांगली स्टीलची पट्टी दोन्हीच्या तोंडावर आडवी ठेवा. पट्टी मोठ्या गिअरला सपाट टेकली पाहिजे आणि छोट्यालाही. नवीन गिअरमध्ये, खासकरून वेगवेगळ्या कंपनीचे असतील तर, छोटा गिअर हमखास थोडा मागे असतो, पट्टी आणि गिअरमध्ये उजेड दिसतो. तिथे फिलर गेज घालून माप घ्या आणि जवळपास तेवढ्या जाडीच्या शिम (पातळ चकत्या) क्रँक गिअरच्या मागे टाका. शिम घालायला शाफ्टवरची अर्धचंद्र चावी (गिअर शाफ्टवर अडवून धरणारा तुकडा) काढावी लागते, म्हणून आळस येतो, पण काढा. जुन्या शिम जशाच्या तशा टाकल्या तर त्या जुन्या गिअरच्या हिशोबाच्या असतात. रेषा चुकली की चेन एका बाजूने घासत चालते, पट्ट्यांच्या आतल्या बाजूला चकाकी येते, आणि नवीन सेट टाकून पण आवाज येऊन राहिला अशी जी तक्रार असते तिचं कारण बहुतेक वेळा हेच निघतं. पट्टी ठेवायच्या आधी कॅमची पुढे-मागे हालचाल पण तपासा, कॅमच्या मागची प्लेट झिजली असेल तर रेषा कितीही जुळवा, चालू इंजिनात ती हलणारच. ही हालचाल ३ ते ७ थाऊच्या (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाऊ) आत पाहिजे.

तुमचा ब्लॉक बोर झाला एवढं लिहिलं, पण मेन बेअरिंगची लाइन बोरिंग (क्रँक बसायची सगळी भोकं एका रेषेत परत कापणं) झाली का हे लेथवाल्याला नक्की विचारा. सिलिंडर बोर केल्याने किंवा हेड घासल्याने या इंजिनात चेनला काही फरक पडत नाही, कारण कॅम ब्लॉकमध्येच आहे. क्रँक ग्राइंड केला तरी सेंटर तेच राहतं. पण लाइन बोरिंगमध्ये कॅप घासून नवीन भोक पाडताना क्रँकचं सेंटर किंचित वर, म्हणजे कॅमच्या जवळ सरकतं, आणि मग नवीन चेन पण पहिल्या दिवसापासून सैल बसते. तसं असेल तर ते आत्ताच माहीत असलेलं बरं.

रेषा जुळली की गिअर काढा, चेन रात्रभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवलेली असेल तर उत्तम, दोन्ही गिअरवर चेन घाला, दोन्ही टिंबं समोरासमोर आणि दोन शाफ्टच्या सेंटरमधून जाणाऱ्या रेषेवर येतील असं धरा आणि तिन्ही वस्तू मिळून शाफ्टवर सरकवा. चाव्या सैल नसाव्यात, बोटाने हलत असतील तर नवीन टाका. टिंबं डोळ्याने नाही, पट्टी ठेवून बघा, एक दात चुकला की क्रँकच्या हिशोबाने पंधरा-वीस डिग्रीचा फरक पडतो. टेन्शनर बसवा आणि लॉक सोडायचा विसरू नका, त्याला ऑइल देणारं ब्लॉकचं भोक तारेने आणि हवेने साफ करा. मग क्रँक हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवा, टिंबं परत तशीच समोरासमोर आली पाहिजेत.

इथवर नव्वद टक्के काम होतं. पण ज्यांना मनापासून करायचं आहे त्यांनी डायल गेज आणि डिग्रीची चकती लावून एक नंबरच्या इनटेक व्हॉल्व्हची सगळ्यात जास्त लिफ्ट क्रँकच्या किती डिग्रीवर येते ते बघावं आणि मॅन्युअलमधल्या आकड्यांशी ताडून पाहावं. बाजारू गिअरवर टिंब मारलेलं असतं म्हणून ते बरोबर जागी मारलेलं असेलच असं नाही, चावीची खाच पण कधी कधी दोन-तीन डिग्री इकडेतिकडे असते. फरक निघाला तर कॅम गिअरसाठी ऑफसेट चावी मिळते, तिने तो काढता येतो. मी प्रत्येक इंजिनात हे करतो, चहा थंड व्हायला लागतो तेवढ्यात होत नाही, वेळ जातो, पण त्यानंतर गाडीत जो फरक जाणवतो तो मालकाला पहिल्याच चढावर कळतो.

कव्हर. जुन्या कव्हरची कड बोल्टच्या जागी आत दबलेली असते, सपाट ऐरणीवर ठेवून हातोडीने हळूहळू सरळ करा, नाहीतर पॅकिंग कितीही चांगलं टाका, पाझरणारच. सील नवीन टाका, त्याला ऑइल लावा, कव्हर सगळे बोल्ट सैल ठेवून बसवा, पुली आत सरकवा म्हणजे कव्हर आपोआप सेंटरला येईल, मगच बोल्ट आवळा. आधी कव्हर आवळून मग पुली घुसवली की सील एका बाजूला दाबलं जातं. पुलीचा जो भाग सीलवर फिरतो तिथे चर पडला असेल तर लेथवर बाही चढवून घ्या किंवा पुली बदला. सिलिकॉनचा ढीग लावू नका, आतला जास्तीचा भाग सुटून चेंबरच्या जाळीत जाऊन बसतो.

डिस्ट्रिब्युटर बसवताना एक गडबड खूप जण करतात. टिंबं समोरासमोर आहेत म्हणजे एक नंबर कॉम्प्रेशनवर आहे असं धरून चालतात. टिंबं जुळली म्हणजे एक आणि चार नंबरचे पिस्टन वर आहेत एवढंच नक्की, त्यातला कॉम्प्रेशनवर कोणता हे व्हॉल्व्ह सांगतात. ज्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद आणि रॉकर मोकळे तो कॉम्प्रेशनवर, ज्याचा एक व्हॉल्व्ह बंद होत दुसरा उघडून राहिला तो नाही. रोटर त्या हिशोबाने ठेवा, फायरिंग ऑर्डर १-३-४-२. डिस्ट्रिब्युटर फिरवणारी दांडी काढली असेल तर तिच्या डोक्यात ५/१६ यूएनएफचा लांब बोल्ट घालून ती बसवता-काढता येते.

सुरू करायच्या आधी प्लग काढून स्टार्टरने इंजिन फिरवा, ऑइल प्रेशर येईपर्यंत. ऑइल पंप पण कॅमवरूनच चालतो. ऑइल २०डब्ल्यू५० घ्या, आणि जुन्या पद्धतीच्या टॅपेटला लागणारं झिंक त्यात पुरेसं आहे का ते बघून घ्या. कॅम आणि टॅपेट नवीन टाकले असतील तर सुरू झाल्यावर वीस मिनिटं २००० आरपीएमच्या आसपास ठेवा, आयडलवर घुटमळत ठेवू नका, आणि त्या वेळात रेडिएटरसमोर पंखा लावा, आपल्याकडच्या उन्हात उभ्या गाडीला हवा कमी पडते.

मग टायमिंग लाइट लावा. चेन-गिअर नीट बसले असतील तर पुलीवरची खूण एका जागी ठरून दिसते. चेन झिजलेली असेल तर ती दोन-चार डिग्री नाचत असते, लोक पॉइंटला आणि डिस्ट्रिब्युटरच्या बुशला दोष देतात, ती पण कारणं असतात, पण चेन पण असते. व्हॅक्यूम गेज असेल तर तो इनटेकवर लावा, काटा स्थिर आहे पण कमी दाखवत असेल तर व्हॉल्व्ह टायमिंग उशिराचं असू शकतं. नागपूर समुद्रापासून साधारण ३१० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे पुस्तकातल्या आकड्यापेक्षा एक इंच (पाऱ्याचा) कमी आला तर काळजी नको.

आणि ज्यांचं इंजिन अजून उघडलेलं नाही पण शंका आहे, त्यांनी डिस्ट्रिब्युटरची टोपी काढावी, पुढची पुली पान्याने एका दिशेला थोडी फिरवावी, मग हळूहळू उलट फिरवावी आणि रोटर हलायला लागेपर्यंत पुली किती डिग्री रिकामी फिरते ते खुणांवर बघावं. पाच डिग्रीपर्यंत मी काही बोलत नाही, दहाच्या वर गेलं की पुढचं कव्हर उघडायची तयारी करा. प्रीमियर पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनात पण चेनच आहे, तिथे पण हीच तपासणी लागू पडते.

तुमच्या गाडीला पहिले ५०० किलोमीटर झाले की ऑइल बदला, काढलेल्या ऑइलमध्ये चुंबक फिरवून बघा, टॅपेटचं अंतर परत लावा आणि टायमिंग लाइट परत एकदा मारा, नवीन चेन सुरुवातीला थोडी बसते त्यामुळे एखादा डिग्री इकडेतिकडे झाला तर डिस्ट्रिब्युटरवर जमवून घ्या. तोवर रामटेकपर्यंत जाऊन या, पण वेग कमी-जास्त करत चालवा, एकाच वेगाने पायडल धरून नको.